अनेक नेटवर्क नेमस्पेससाठी कमांड-लाइन साधन रचताना

लिनक्सवर एकाच यंत्रात अनेक स्वतंत्र नेटवर्क उभी करायची असतील, तर नेटवर्क नेमस्पेसइतका हलका मार्ग क्वचितच सापडतो. प्रत्येक नेमस्पेसला स्वतःचे इंटरफेस, स्वतःचे राउटिंग टेबल, स्वतःचे फायरवॉलचे नियम आणि स्वतःचे पोर्ट मिळतात. त्यामुळे दोन नेमस्पेसमधले दोन वेब सर्व्हर एकाच वेळी ८० क्रमांकाच्या पोर्टवर बसले, तरी त्यांना एकमेकांची चाहूलही लागत नाही. नेमस्पेस दोन-तीनच असतात तोवर 'आयप्रूट२' या संचातली 'आयपी नेटएनएस' ही कमांड पुरते. त्यांची संख्या वाढली, त्यांच्यात जोडण्या आल्या आणि चाचण्या आपोआप चालू लागल्या, की एखादी शेल स्क्रिप्ट लिहिली जाते आणि काही महिन्यांत तिचेच साधन बनते. असे साधन आधीच विचार करून कसे रचावे, हे येथे मांडले आहे. सोयीसाठी आपल्या साधनाला 'दालन' असे नाव देऊ. वाचकाला 'आयपी' कमांडची सवय आहे आणि सिस्टिम कॉल म्हणजे काय हे ठाऊक आहे, असे गृहीत धरले आहे.

नाव आणि नेमस्पेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

रचनेतल्या बहुतेक चुका एकाच गैरसमजातून होतात. नेमस्पेसचे नाव कर्नलमध्ये असते असे आपण समजतो, पण कर्नलला ते ठाऊकच नसते. 'आयपी नेटएनएस ॲड निळी' असे लिहिल्यावर ती कमांड /रन/नेटएनएस या निर्देशिकेत 'निळी' नावाची रिकामी फाइल तयार करते, 'अनशेअर' हा सिस्टिम कॉल करून स्वतः नव्या नेमस्पेसमध्ये जाते, आणि /प्रॉक/सेल्फ/एनएस/नेट ही फाइल त्या रिकाम्या फाइलवर बाइंड माउंट करते (म्हणजे एक फाइल दुसरीच्या जागी दिसेल अशी जोडते). त्यानंतर कमांड संपते, तिच्याबरोबर तिची प्रोसेसही जाते, आणि तरीही नेमस्पेस टिकते, कारण माउंटने तिला धरून ठेवलेले असते. ज्याला आपण नेमस्पेसचे नाव म्हणतो, ते प्रत्यक्षात एका फाइलचे नाव आहे.

यावरून पहिला निर्णय घेता येतो: 'दालन'ने स्वतःची नोंदवही ठेवू नये. कोणत्या नेमस्पेस आहेत याची यादी एखाद्या डेटाबेसमध्ये किंवा जेसन फाइलमध्ये लिहून ठेवण्याचा मोह होतो, परंतु यंत्र पुन्हा सुरू झाले की /रन रिकामी होते आणि नोंदवही मात्र जुनेच सांगत राहते. शिवाय कोणी 'आयपी' कमांड थेट वापरली, तर तिचा पत्ता नोंदवहीला लागत नाही. प्रत्येक वेळी साधन चालवताना खरी स्थिती कर्नलकडूनच विचारून घ्यावी. ती वाचायला लागणारा वेळ नगण्य असतो.

दुसरा निर्णय ओळखीचा आहे. दोन फाइली एकाच नेमस्पेसकडे बोट दाखवत आहेत का, हे त्यांच्या नावांवरून ठरत नाही. त्यासाठी दोन्हींवर 'स्टॅट' करून उपकरण क्रमांक आणि आयनोड क्रमांक (फाइलसिस्टिममधला फाइलचा अंतर्गत क्रमांक) जुळतात का, ते पाहावे लागते. मात्र हा आयनोड क्रमांक कायमचा ओळखक्रमांक समजून कुठे साठवू नये, कारण एक नेमस्पेस नष्ट झाल्यावर तोच क्रमांक पुढे दुसरीला मिळू शकतो. तुलना करायची असेल त्या वेळी दोन्ही फाइली उघड्या ठेवून करावी. फाइल डिस्क्रिप्टर उघडा असेपर्यंत नेमस्पेस मरत नाही, त्यामुळे क्रमांकही बदलत नाही.

तिसरी बाब 'दालन लिस्ट' या उपकमांडशी संबंधित आहे. /रन/नेटएनएसमध्ये ज्यांच्या फाइली आहेत, तेवढ्याच नेमस्पेस यंत्रावर असतात असे नाही. कंटेनर चालवणारे डॉकर आपल्या नेमस्पेसच्या फाइली /व्हार/रन/डॉकर/नेटएनएसमध्ये ठेवते, म्हणून 'आयपी नेटएनएस लिस्ट'मध्ये त्या दिसत नाहीत. एखाद्या प्रोसेसने 'अनशेअर' करून घेतलेल्या नेमस्पेसला तर फाइलच नसते. म्हणून यादी तयार करताना /प्रॉकमधल्या प्रत्येक प्रोसेसची एनएस/नेट ही कडी वाचावी, आयनोडनुसार गट पाडावेत आणि ज्या गटाला नाव सापडत नाही तो 'अनामिक' म्हणून प्रोसेस क्रमांकासह दाखवावा. 'एलएसएनएस' ही कमांड असेच करते. केवळ उघड्या डिस्क्रिप्टरमुळे जिवंत राहिलेल्या नेमस्पेस यातूनही सुटू शकतात, ही मर्यादा साधनाच्या मदत-मजकुरात स्पष्ट लिहावी.

आत शिरण्याची कमांड

'दालन एक्झेक' ही सर्वाधिक वापरली जाणारी उपकमांड असते, आणि वरवर पाहता ती सर्वांत सोपी वाटते: फाइल उघडा, 'सेटएनएस' हा सिस्टिम कॉल करा, मग हवी ती कमांड चालवा. 'सेटएनएस' लिनक्स ३.० पासून, म्हणजे २०११ पासून उपलब्ध आहे. तरीही एवढ्यावर थांबलेले साधन वापरणाऱ्याला फसवते, कारण नेटवर्क बदलले तरी फाइलसिस्टिम जुनीच राहते. /सिस/क्लास/नेटमध्ये मूळ नेमस्पेसचेच इंटरफेस दिसत राहतात, कारण सिसएफएस (/सिसवरची फाइलसिस्टिम) ज्या नेमस्पेसमधून माउंट झाली तिचेच चित्र दाखवते. म्हणून 'आयपी नेटएनएस एक्झेक' नेटवर्क बदलल्यावर माउंट नेमस्पेसही वेगळी करते, आतले माउंट बाहेर झिरपणार नाहीत अशी व्यवस्था करते, /सिस नव्याने माउंट करते आणि /इटीसी/नेटएनएस/निळी या निर्देशिकेतल्या फाइली /इटीसीमधल्या त्याच नावांच्या फाइलींवर बाइंड माउंट करते. 'एनएसएंटर' ही कमांड यातले शेवटचे दोन टप्पे करत नाही. 'दालन'ने पहिल्या कमांडचे वर्तन पाळावे, कारण वापरणाऱ्याची अपेक्षा तीच असते.

डीएनएसच्या बाबतीत हा फरक फार जाणवतो. अनेक वितरणांत रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये १२७.०.०.५३ हा पत्ता असतो आणि त्यावर यंत्राचीच एक सेवा ऐकत असते. नव्या नेमस्पेसचा लूपबॅक मात्र स्वतंत्र असतो. तिथे त्या पत्त्यावर कोणीही ऐकत नसते, आणि पिंग चालते पण नावे सापडत नाहीत अशी स्थिती होते. याच्या नेमकी उलट अडचणही संभवते. नावे शोधणारी सेवा फाइलसिस्टिममधल्या युनिक्स सॉकेटवरून बोलत असेल, तर त्या सॉकेटला नेटवर्क नेमस्पेसची भिंत अडवत नाही. त्यामुळे नेमस्पेसमधल्या प्रोग्रॅमची विचारणा गुपचूप मूळ नेटवर्कमधून बाहेर जाते. व्हीपीएनसाठी नेमस्पेस वापरणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. (ॲबस्ट्रॅक्ट प्रकारचे युनिक्स सॉकेट मात्र नेटवर्क नेमस्पेसनुसार वेगळे राहतात, हा भेद विसरून मी एकदा अर्धा दिवस घालवला आहे.) साधनाने हे सगळे आपोआप दुरुस्त करावे असे मला वाटत नाही. 'दालन एक्झेक'ने नेमस्पेससाठी स्वतंत्र रिझॉल्व्ह.कॉन्फ नसल्यास आणि मूळ फाइलमध्ये १२७ ने सुरू होणारा पत्ता असल्यास त्रुटी-प्रवाहात एका ओळीची सूचना छापावी, इतके पुरे.

कमांड चालवताना नवी उपप्रोसेस काढू नये. 'एक्झेक' करून साधनाने स्वतःची जागाच त्या कमांडला द्यावी. असे केल्याने सिग्नल, टर्मिनलचे नियंत्रण आणि निर्गम संकेत हे सर्व काही न करता बरोबर राहतात. साधन स्वतःच अयशस्वी झाले, म्हणजे नेमस्पेस सापडली नाही किंवा परवानगी मिळाली नाही, तर १२५, कमांड सापडली पण चालवता आली नाही तर १२६, आणि सापडलीच नाही तर १२७ हे निर्गम संकेत द्यावेत. 'एन्व्ह' आणि 'टाइमआउट' या कमांडही हीच प्रथा पाळतात, त्यामुळे चूक साधनाची की आतल्या कमांडची, हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला ओळखता येते. नेमस्पेसचे नाव आणि कमांड यांच्यामध्ये दोन आडव्या रेषांचा विभाजक स्वीकारावा, म्हणजे आतल्या कमांडचे पर्याय साधन चुकून स्वतःचे समजणार नाही.

एकापेक्षा अधिक नेमस्पेसमध्ये तीच कमांड चालवायची असेल, तर उपप्रोसेस काढणे अटळ आहे. तेथे प्रत्येक ओळीआधी नेमस्पेसचे नाव छापावे, आणि एखाद्या ठिकाणी कमांड फसली तर बाकीच्या पूर्ण होऊ देऊन शेवटी शून्येतर संकेत द्यावा. पहिल्या अपयशाला थांबायचे असल्यास वेगळा पर्याय ठेवावा.

आपण आत्ता कुठे आहोत, हे वापरणाऱ्याला दिसणेही तितकेच महत्त्वाचे आहे. नेमस्पेसमध्ये बॅश उघडले तरी प्रॉम्प्ट जसाच्या तसा राहतो, आणि चार खिडक्या उघड्या असताना फायरवॉलचे नियम भलत्याच खिडकीत पुसले जाणे ही काल्पनिक गोष्ट नाही. 'दालन शेल' अशी वेगळी उपकमांड द्यावी, तिने नेमस्पेसचे नाव एका पर्यावरण-चलात ठेवावे आणि प्रॉम्प्टमध्ये ते कसे आणायचे याची एक ओळ मदत-मजकुरात द्यावी. मात्र निर्णय घेताना साधनाने स्वतः त्या चलावर विसंबू नये, कारण ते वारशाने कुठेही पोहोचू शकते. खरी जागा /प्रॉक/सेल्फ/एनएस/नेट वाचूनच ठरवावी.

थ्रेड आणि सॉकेट

'सेटएनएस' नेटवर्क नेमस्पेस बदलतो ती संपूर्ण प्रोसेसची नव्हे, तर फक्त त्या थ्रेडची. सी भाषेत एका थ्रेडचे साधन लिहिणाऱ्याला हे जाणवत नाही. गो भाषेत मात्र गोरूटीन (एकाच वेळी चालणाऱ्या कामाचा हलका घटक) एका थ्रेडवरून दुसऱ्यावर हलवली जाते, आणि 'निळी'मध्ये इंटरफेस शोधायला सांगितलेला कोड मधूनच मूळ नेमस्पेसमध्ये शोधू लागतो; चूक दहातल्या एखाद्याच वेळी दिसते, म्हणून ती सापडायलाही वेळ लागतो. त्यासाठी 'लॉकओएसथ्रेड'ने गोरूटीन थ्रेडला बांधावी, आणि मूळ नेमस्पेसमध्ये परतणे जमले नाही तर थ्रेड मोकळा न करताच गोरूटीन संपू द्यावी, गोच्या १.१० आवृत्तीपासून असा थ्रेड पुन्हा वापरात न आणता नष्ट केला जातो.

याहून चांगला उपाय म्हणजे आत राहण्याचा काळच कमी करणे. सॉकेट ज्या नेमस्पेसमध्ये तयार होते तिचेच कायम राहते, मग ते वापरणारा थ्रेड नंतर कुठेही जावो. त्यामुळे 'निळी'मध्ये शिरावे, नेटलिंक सॉकेट (नेटवर्कच्या मांडणीबद्दल कर्नलशी बोलण्याचे) उघडावे आणि लगेच परत यावे. पुढचे सगळे पत्ते, मार्ग आणि इंटरफेस त्या सॉकेटवरून बाहेर बसूनच मांडता येतात. तीस नेमस्पेससाठी तीस सॉकेट उघडे ठेवले, की प्रत्येक कामासाठी 'आयपी' कमांडची नवी प्रोसेस काढण्याची गरज उरत नाही, आणि त्रुटी आली तर मजकुराचा अर्थ लावत न बसता थेट त्रुटी-क्रमांक हाती येतो. माझ्या मते साधनाचा गाभा याच पद्धतीवर उभा करावा. इतर भाषांतल्या गुंतागुंतीपैकी बरीचशी यातच सुटते.

इंटरफेसची नावे: १५ बाइटांची मर्यादा

नेमस्पेसचे नाव फाइलचे नाव असल्यामुळे ते २५५ बाइटांपर्यंत लांब असू शकते. इंटरफेसच्या नावाला मात्र कर्नलने १६ बाइट राखले आहेत, आणि त्यांतला एक शेवटच्या शून्यासाठी जातो. 'व्हेथ' जोडीच्या (दोन टोकांच्या आभासी केबलच्या) बाहेरच्या टोकाला नेमस्पेसचेच नाव जोडून देण्याची सोपी युक्ती त्यामुळे सातव्या-आठव्या नेमस्पेसला केव्हातरी तुटते, आणि नाव मुकाट्याने छाटले तर दोन वेगळ्या नेमस्पेसची टोके सारख्याच नावाची होतात. देवनागरीतले एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, हे लक्षात घेतले तर पाच चिन्हांतच जागा संपते.

यावर उपाय असा: बाहेरच्या टोकाचे नाव छोटा उपसर्ग आणि नेमस्पेस व जोडणी यांच्या नावांवरून काढलेला आठ-दहा अक्षरांचा हॅश यांचे असावे, आणि पूर्ण, वाचनीय नाव इंटरफेसच्या एलियासमध्ये लिहावे. एलियासला भरपूर जागा असते आणि 'आयपी लिंक'च्या उत्तरात तो दिसतो. हॅश ठरावीक असल्यामुळे साधन पुन्हा चालवले तरी तेच नाव निघते, म्हणजे नोंदवहीवाचूनही जोडी सापडते. आतल्या टोकाला मात्र साधे 'ईथ०' म्हणावे. प्रत्येक नेमस्पेसमध्ये ते मोकळेच असते.

उभारणीचा क्रम आणि पाडणीचा क्रम

नव्या नेमस्पेसमध्ये लूपबॅक असतो पण तो बंद असतो. तो सुरू करायला विसरले की स्वतःशीच बोलणारे प्रोग्रॅम अनाकलनीय रीतीने अडकतात, म्हणून 'दालन ॲड'ने तो नेहमीच सुरू करावा. त्यानंतर जोडी तयार करताना आतले टोक आधी बाहेर बनवून मग आत ढकलण्यापेक्षा, नेटलिंकच्या एकाच विनंतीत ते थेट 'निळी'मध्ये जन्माला घालावे. त्यामुळे बाहेर 'ईथ०' या नावाशी टक्कर होत नाही आणि अर्धवट अवस्था उरत नाही. एखादे प्रत्यक्ष कार्ड आत हलवायचे असेल, तर हलवताना त्याचे पत्ते आणि मार्ग पुसले जातात, म्हणून पत्ता नेहमी हलवल्यानंतर द्यावा. ब्रिज हलवता येत नाही. तो जिथे हवा तिथेच तयार करावा. वायरगार्ड या व्हीपीएन-इंटरफेसचे वर्तन याहून रंजक आहे: तो इंटरफेस दुसरीकडे हलवला तरी त्याची कूटबद्ध पाकिटे जन्माच्या नेमस्पेसमधूनच बाहेर पडतात, आणि हे मुद्दाम तसे ठेवलेले आहे.

पाडताना अधिक जपावे लागते. 'डिलीट' म्हणजे फक्त माउंट काढणे आणि फाइल पुसणे. आत एखादी प्रोसेस जिवंत असेल तर नेमस्पेस तशीच राहते, फक्त नाव गेल्यामुळे ती आता सापडत नाही. म्हणून 'दालन डिलीट'ने आधी आत कोण आहे ते पाहावे, कोणी असल्यास प्रोसेस क्रमांक दाखवून नकार द्यावा, आणि सक्तीचा पर्याय दिला असेल तरच त्या प्रोसेस थांबवून पुढे जावे.

आत कोणी नसले तरी साफसफाई कर्नलमध्ये मागाहून, आपल्या कमांडची वाट न पाहता होते. 'डिलीट' करून लगेच त्याच नावाने 'ॲड' केले, तर बाहेरचे व्हेथ टोक अजून शिल्लक असू शकते आणि 'फाइल आधीच आहे' अशी त्रुटी येते. चाचणी-स्क्रिप्टमध्ये लोक यावर एका सेकंदाची झोप घालतात, आणि गर्दीच्या यंत्रावर ती अपुरी ठरते. खात्रीचा उपाय साधा आहे: आधी बाहेरचे टोक स्वतः पुसावे, म्हणजे जोडीतले दुसरे टोकही तत्काळ जाते, आणि मग नेमस्पेसला हात लावावा. प्रत्यक्ष कार्ड आत असेल तर तेही आधी बाहेर काढून घ्यावे. तसे न केल्यास नेमस्पेस मरताना कर्नल ते मूळ नेमस्पेसला परत देतेच, पण नावाची टक्कर झाली तर त्याचे नाव बदलून टाकते.

रिकामी फाइल

एका ठिकाणी सकाळी आपोआप चालणारी सेवा नेमस्पेस तयार करत होती, सेवेच्या नोंदीत सर्व सुरळीत दिसत होते, आणि हाताने आत शिरायला गेले की 'अवैध आर्ग्युमेंट' अशी त्रुटी येत होती. फाइल होती, नाव बरोबर होते. कारण शोधल्यावर असे दिसले की सेवेच्या व्याख्येत खासगी तात्पुरत्या निर्देशिकेचा पर्याय चालू होता. त्यामुळे सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीने सेवेला वेगळी माउंट नेमस्पेस दिली होती आणि तिच्यात केलेला बाइंड माउंट बाहेर पोहोचत नव्हता. फाइल तयार करणे सर्वांना दिसते, माउंट मात्र दिसत नाही. परिणामी बाहेर शून्य बाइटांची एक सामान्य फाइल उरते.

'दालन'ने हा प्रकार नावानिशी ओळखावा. फाइल उघडल्यावर 'एफस्टॅटएफएस' करून ती एनएसएफएस या नेमस्पेससाठीच्या फाइलसिस्टिममधली आहे का ते तपासावे, आणि नसल्यास 'ही फाइल नेमस्पेसला जोडलेली नाही. ती वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये तयार झाली असावी' असे स्पष्ट सांगावे. एवढ्या एका तपासणीने मदत मागणाऱ्यांचे बरेच प्रश्न आधीच मिटतात. त्याचप्रमाणे 'ॲड' आणि 'डिलीट' करताना एका फाइलवर 'फ्लॉक' (फाइलचे कुलूप) घ्यावा, कारण यंत्र सुरू होताना अनेक सेवा एकदम धावतात आणि /रन/नेटएनएसची प्राथमिक जोडणी एकाच वेळी दोघांनी केली तर माउंटवर माउंट चढतात.

हवी ती स्थिती लिहून देणे

नेमस्पेस, जोडण्या आणि पत्ते यांचे वर्णन एका फाइलमध्ये लिहून 'दालन अप्लाय'ला द्यावे, ही सोय मोठ्या मांडणीसाठी आवश्यक ठरते. साधनाने प्रत्यक्ष स्थिती वाचावी, फरक काढावा आणि तेवढाच लागू करावा. तीच फाइल दुसऱ्यांदा दिली तर काहीही बदलू नये. काही न करता केवळ फरक छापणारा पर्याय पहिल्या दिवसापासून असावा. ज्या गोष्टी साधनाने निर्माण केल्या नाहीत, त्यांना हात लावू नये: एलियासमध्ये स्वतःची खूण असलेलेच इंटरफेस आपले मानावेत. मधेच काही फसले तर त्या फेरीत केलेले बदल उलट क्रमाने मागे घ्यावेत आणि कोणते मागे घेता आले नाहीत ते सांगावे. माणसांसाठी तक्ता आणि प्रोग्रॅमसाठी जेसन अशी दोन रूपे ठेवली, की तक्त्याची मांडणी पुढे निर्धास्तपणे बदलता येते.

रूटशिवाय चाचणी

नेमस्पेसमध्ये शिरण्यासाठी प्रशासकीय क्षमता लागते, म्हणून अशा साधनांच्या चाचण्या बहुधा रूट म्हणून चालवल्या जातात, आणि एखादी चुकलेली चाचणी विकसकाच्या यंत्राचेच नेटवर्क तोडते. लिनक्स ३.८ पासून सामान्य वापरकर्त्यालाही स्वतःची यूझर नेमस्पेस काढता येते, आणि तिच्या आत त्याला रूटचे अधिकार मिळतात. काही वितरणांनी मात्र यावर निर्बंध घातले आहेत. 'अनशेअर' कमांडने यूझर, नेटवर्क आणि माउंट या तिन्ही नेमस्पेस एकदम वेगळ्या कराव्यात, आपल्याला रूट म्हणून जुळवून घ्यावे आणि आत गेल्यावर सर्वप्रथम /रनवर टीएमपीएफएस (मेमरीतली तात्पुरती फाइलसिस्टिम) माउंट करावी, कारण खरी /रन खऱ्या रूटच्या मालकीची असल्याने तिथे लिहिता येत नाही. त्यानंतर 'दालन ॲड', 'अप्लाय', 'डिलीट' यांचा शंभर वेळा फेरा चालवावा आणि प्रत्येक फेऱ्यानंतर /रन/नेटएनएसमधल्या फाइली व बाहेरच्या नेमस्पेसमधले इंटरफेस मोजावेत. शंभराव्या फेऱ्यानंतरची संख्या पहिल्या फेऱ्याआधीच्या संख्येइतकीच निघाली पाहिजे. एकही इंटरफेस जास्त उरला, तर पाडणीचा क्रम पुन्हा तपासावा.